बर्फ वाटीत असेपर्यंत

मंगळवार, ५ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

नमस्कार. मी मजेत आहे. तू, दादा आणि दादाचा खोकला, तिघंही खुशाल असाल. खोकला गेला असेल तर उत्तमच, पण तो इतकी वर्षं आपल्या घरात राहिलाय की विचारल्याशिवाय राहवत नाही.

तुझं पत्र मिळालं. चार पानं आणि त्यात प्रश्न एकच: "भिंगरे, येतेस की नाही?" शिवणकामाचं दुकान महिन्याअखेरीस उघडतंय, दुसरं मशीन आलंय आणि उजेड बघून ते खिडकीजवळ ठेवलंय, माझ्यासाठी. वाचून डोळ्यांत पाणी आलं. आता खोटं कशाला बोलू, थोडंसंच आलं. उत्तर देते. पण आधी मी आहे कुठे ते सांगू दे, नाहीतर मी अजून बोटीवर तिकिटं फाडत बसलेय असं समजायचीस.

बोट सुटली. म्हणजे बोट जागच्या जागी आहे, मी सुटले. मग एका बेकरीत राहिले, तिथे पाव भाजण्यापेक्षा खाणं जास्त झालं. मग नाटक मंडळीत पडदा ओढायला. तिथे एक खलनायक मरायला इतका वेळ लावायचा की एकदा मी कंटाळून आधीच पडदा पाडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला हाकलण्याची वेळ त्यांच्यावर येऊ दिली नाही, मीच निघाले. पुढे काय करावं या विचारात रस्त्याने चालले होते, तर एका पत्र्याच्या शेडवर खडूने लिहिलेलं: "दोन हात पाहिजेत." मी आत डोकावून म्हटलं, "माझ्याकडे आहेत, पण त्यांच्याबरोबर तोंडही येतं." आतून आवाज आला, "ते बाहेर काढून ठेव आणि ये."

त्या मावशी. शेड त्यांची. पूर्वी बर्फाच्या लाद्या विकायच्या, आता गार पेट्या बनवतात. पेटीच्या भिंतींना पोकळ कप्पे असतात, त्यांत चपट्या पाकिटांत भरलेलं मिठाचं पाणी, गोठवलेलं. पाकिटं वितळेपर्यंत आतला माल गोठलेला राहतो. पाण्यात मीठ आणि आणखी कसलीशी पूड घालतात. किती ते मावशी कोणाला सांगत नाहीत. मला सांगितलं तरी बिनधोक आहे, संध्याकाळपर्यंत विसरते.

आता मुद्दा. एक प्रयोगशाळावाले साहेब मोठ्या ऑर्डरसाठी येऊन गेले. मावशी म्हणाल्या, "आमचं पाकीट भारी टिकतं." साहेब म्हणाले, "भारी म्हणजे किती? एक ग्रॅम वितळायला किती उष्णता पितं तो आकडा द्या." मावशी गप्प. हे शेडच्या इतिहासात पहिल्यांदा घडलं म्हणे. साहेबच पुढे म्हणाले, "आधी साध्या बर्फाचा आकडा काढून दाखवा, माझ्यासमोर. तो सगळ्या जगाला ठाऊक आहे, ग्रॅमला ऐंशी कॅलरी. दोनेक इकडेतिकडे चालेल. तुमच्या हातून तो बरोबर आला, तर मग तुमच्या पाकिटाचा जो आकडा येईल तोही मी मानेन."

ऑर्डर मिळाली तर शेड थंडीभर चालणार. नाही मिळाली तर मावशी कुलूप लावून लेकीकडे जाणार, आणि मी बॅग उचलून तुझ्याकडे. खिडकीजवळ. तेव्हा वहिनी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर सध्या एका स्टीलच्या ग्लासात आहे. मी टाळत नाहीये. खरंच ग्लासात आहे.

ग्लास एका मोठ्या डब्यात, मधल्या जागेत कापूस ठासलेला, वर झाकण. झाकणाला दोन भोकं, एकातून थर्मामीटर, दुसऱ्यातून ढवळायची तार. ग्लासात मोजून कोमट पाणी घ्यायचं. बर्फाचे बारके तुकडे कोरडे पुसायचे, पाण्यात टाकायचे, ढवळायचं, पाणी कुठवर उतरतं ते बघायचं. पाण्याने जेवढी उष्णता गमावली तेवढी बर्फाने प्यायली. मी आठवीत हे शिकले होते म्हणे. त्या दिवशी बहुतेक खिडकीबाहेर काहीतरी चाललं होतं.

बर्फ पुसून टाकायचं काम माझं. थर्मामीटर वाचायचं, वजन करायचं आणि हिशेब मांडायचं काम घुम्याचं. घुम्या म्हणजे इथलाच एक. आधी वजनकाटे दुरुस्त करायचा. त्याच्याविषयी सांगण्यासारखं काही नाही. बोलत नाही, म्हणून घुम्या. बुटक्या स्टुलावर बसतो, त्यामुळे त्याचे गुडघे कानाशी येतात. ढवळताना जीभ ओठाच्या कोपऱ्यात धरतो. शर्टाचं वरचं बटण कायम तुटलेलं. बाकी खरंच काही नाही.

ग्लासातून उत्तर निघालं की कळवते.

तुझी,
भिंगरी


शनिवार, १६ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

नमस्कार, आणि तुझ्या आशीर्वादाबद्दल आभार. "तुमचा बर्फ नापास होवो आणि तू घरी येवोस" हे कोणत्या वहिनीला शोभतं गं? मी ते वाक्य मावशींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "तुझ्या वहिनीला कळव, बर्फ तिचंच ऐकतोय."

कारण खरंच नापास होतोय. पहिल्यांदा बहात्तर आला. मग चौऱ्याहत्तर, मग एकोणसत्तर. आम्ही कापूस बदलला, झाकण बदललं. साहेब जाताना एक युक्ती सांगून गेले होते: सुरुवातीला पाणी खोलीपेक्षा जेवढं गरम, शेवटी तेवढंच खोलीपेक्षा गार व्हायला हवं, म्हणजे खोलीने पळवलेली उष्णता खोलीच परत करते. तेही केलं. आकडा कमीच. जगभरचा बर्फ ऐंशी पितो आणि आमचा बहात्तर पिऊन ढेकर देतो.

आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. "पत्रात मावशीपेक्षा घुम्या जास्त कसा? आणि तुटलेलं बटण तुला दिसलंच कसं?" अगं, बटण दिसायला काय लागतं? शिवणकाम करणाऱ्या बाईची नणंद आहे मी. उगाच काहीतरी.

आणि आमचं तर भांडण झालं. ऐक.

सोमवारी आकडा अडुसष्ट आला. मी म्हटलं, "तुझं थर्मामीटर आंधळं आहे."

"थर्मामीटर बरोबर आहे," घुम्या म्हणाला.

"मग डोळे आंधळे."

"बर्फ ओला येतोय."

"ओला? पुसपुसून माझी बोटं झिजली!"

"झिजलं ते बोट नाही."

"मग काय?"

"माझे कान."

इतकी वाक्यं सलग बोलताना मी त्याला प्रथमच ऐकलं, आणि ती सगळी माझ्याविरुद्ध! मावशी पाकिटं भरता भरता इतक्या हसल्या की पाणी सांडलं. मी म्हटलं, ठीक आहे, आजपासून तुझ्याशी बोलणं बंद. आणि तोंडात मिठाची गुळणी धरली. या शेडमध्ये मिठाच्या पाण्याला तोटा नाही.

दोन दिवस कामापुरतंही बोलले नाही. मान हलवायची, बर्फ पुसायचा, टाकायचा, की तोंड फिरवायचं. आणि वहिनी, आकडा आला एकोणऐंशी. पुन्हा केलं, एकोणऐंशी. पुन्हा केलं, बरोब्बर ऐंशी! मावशींनी मला मिठी मारली, घुम्याला मारायला गेल्या तर तो स्टुलावरून पडला.

तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर माझ्या चहाच्या कपावर बशी झाकलेली, गार होऊ नये म्हणून. मावशी अजून आल्याच नव्हत्या, मग झाकणारा उरतो कोण? अशा माणसाशी भांडण कसं चालू ठेवायचं, तूच सांग. मी बोलायला लागले. दोन दिवसांचं साठलेलं होतं, ते सगळं काढलं. बोटीवरच्या त्या बाईची गोष्ट सांगितली, जी रोज परतीचं तिकीट काढायची आणि परतायची नाहीच. तुझ्याबद्दल सांगितलं. दुकानाबद्दल, खिडकीजवळच्या मशीनबद्दल. आकडा आला एक्काहत्तर.

मावशींनी कपाळाला हात लावला. "काय गं हे! तुम्ही दोघं भांडलात की बर्फ पास, गोडीत आलात की नापास. उद्यापासून कामावर येताना भांडूनच येत जा. भांडायचा वेगळा पगार देते!"

आम्ही प्रामाणिकपणे प्रयत्न केला गं. पण ठरवून भांडता येत नाही. मी म्हटलं, "तू फार वाईट माणूस आहेस." तो थोडा विचार करून म्हणाला, "असेन." संपलं भांडण.

काल मी त्याला खलनायकाची गोष्ट सांगत होते, तो मरतच नाही ती. बर्फ पुसून झाला होता, तुकडे वाटीत घेतले होते, वाटी हातात होती, आणि खलनायक तिसऱ्यांदा उठून बसला होता. घुम्या थर्मामीटर धरून माझ्याकडे बघत होता. मी पडदा पाडला, टाळ्या वाजल्या, आणि आता बर्फ टाकावा म्हणून खाली पाहिलं. वाटीच्या बुडाशी पाणी! चांगलं घोटभर नाही, पण चमचाभर तरी. माझी सबंध गोष्ट तिथे तळाला साचली होती.

अगं, म्हणजे बघ. पुसत होते मी व्यवस्थितच. पण पुसल्यावर वाटी हातात धरून गप्पा हाणत उभी राहायचे. वाटी कोमट, हात त्याहून गरम. तुकडे तिथेच वितळायला लागायचे आणि मी ते पाणी, तुकडे, सगळं एकदम ग्लासात ओतायचे. आम्ही त्या पाण्यालाही बर्फ म्हणून मोजत होतो. ते बिचारं आधीच वितळलेलं, ते आणखी काय उष्णता पिणार? गोष्ट लांबली की आकडा खाली. बोलणं बंद असलं की बर्फ पुसल्या पुसल्या ग्लासात आणि आकडा ऐंशी.

मी ओरडले, "अरे, मी आहे! आकडा मी आहे!"

घुम्या म्हणाला, "माहीत होतं."

"कधीपासून?"

"पहिल्या गोष्टीपासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

त्यावर तो उठून पाणी गरम करायला गेला. मावशींनी मात्र जाहीर केलं, "बर्फ वाटीत असेपर्यंत शेडमध्ये कोणी ब्र काढायचा नाही. विशेषतः तू."

साहेब येत्या गुरुवारी येणार आहेत. त्यांच्यासमोर गप्प राहायचं आहे. दादाला सांग, तो हसून हसून खोकेल.

एक गोष्ट राहिली. मी मशीनबद्दल सांगितल्यापासून घुम्या जास्तच गप्प झालाय. गप्प माणूस जास्त गप्प झाला हे कसं कळलं, विचारशील. कळतं. पण ते जाऊ दे. येण्याचं मी अजून लिहिलं नाही हे माझ्या लक्षात आहे. गुरुवारनंतर नक्की.

तुझी,
भिंगरी


रविवार, २४ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

नमस्कार. आज तुझं पत्र येण्याआधीच लिहायला बसलेय, म्हणजे तू काही विचारायच्या आत मी सांगितलं असं होईल. घरी सगळे बरे असाल. मी बरी आहे.

गुरुवारी साहेब आले. मावशींनी शेड अशी घासली होती की आम्हीच बिचकून चालत होतो. साहेबांना खुर्ची, आम्हाला नेहमीची स्टुलं. साहेब भले आहेत, पण खिशातून पेन काढून समोर बसले की परीक्षकच वाटतात. मावशी कोपऱ्यात उभ्या. थंडीभर शेड चालणार की कुलूप लागणार, ते पुढच्या काही मिनिटांत ठरणार होतं, आणि दोरी होती माझ्या जिभेच्या हातात.

घुम्याने पाणी तोललं. मी तुकडे पुसले. फडकं कोरडं, वाटी आधी बर्फात ठेवून गार केलेली, ही माझी अक्कल बरं का. तुकडे वाटीत घेतले. आता फक्त त्याने सुरुवातीचं तापमान सांगायचं आणि मी बर्फ टाकायचा.

तो थर्मामीटरवर वाकला. जीभ ओठाच्या कोपऱ्यात. आणि म्हणाला, "बत्तीस." मग त्याच आवाजात, नजर पाऱ्यावरून न हलवता, "तू जाऊ नकोस."

साहेबांनी पेन उचललं. "आकडा पुन्हा सांगा?"

"बत्तीस," घुम्या म्हणाला. त्याचे कान टोमॅटोसारखे झाले होते.

वहिनी, तू मला लहानपणापासून ओळखतेस. म्हणजे माझ्या जन्मापासून नाही, तुझ्या लग्नापासून, पण तेव्हा मी लहानच होते. मला कोणी "पाणी देतेस का" विचारलं तरी मी आधी विहिरीची गोष्ट सांगते. आणि इथे माझ्या आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला "जाऊ नकोस" म्हटलं होतं. आजवर सगळे "बरं, जा" म्हणायचे, आणि त्याआधीच मी निघालेली असायचे. माझ्या घशाशी शंभर वाक्यं आली. कोपऱ्यातून मावशी डोळे वटारून बघत होत्या. वाटीत बर्फ होता.

मी बर्फ टाकला. एक शब्द न बोलता. झाकण लावलं. तो ढवळायला लागला आणि आम्ही दोघं पाऱ्याकडे बघत बसलो, कारण दुसरीकडे कुठे बघायची सोय नव्हती. अठ्ठावीस. पंचवीस. खोलीइतकं झालं, मग खोलीच्या खाली. आता बोलायला हरकत नव्हती, बर्फ वाटीत नव्हता. पण मी पाराच बघत राहिले. पारा अठरावर येऊन थांबला. घुम्या म्हणाला, "अठरा." साहेबांनी लिहिलं.

आणि मी म्हणाले, "बरं."

साहेबांना वाटलं मी अठराला बरं म्हणतेय. त्यांनी मान डोलावली.

ग्लास पुन्हा तोलला, हिशेब मांडला, आकडा आला एकोणऐंशी. साहेब हसले. मग आमच्या पाकिटातला गोठलेला खारा बर्फ तसाच मोजला. मावशींची खात्री होती तो साध्या बर्फालाही मागे टाकणार. आला अडुसष्ट. मावशींचा चेहरा उतरला. पण साहेब म्हणाले, "मिठामुळे कमी येणारच. शून्याच्या खाली वितळतो, मला तेच हवंय. मागच्या ठिकाणी मला शंभर सांगत होते, आणि साधा बर्फ मोजायला दिला तर कोणाला जमला नाही." ऑर्डर दिली आणि चहा न पिता गेले. मावशी तो चहाही प्यायल्या.

नंतर मी घुम्याला गाठलं. "एवढे दिवस, एवढे तास, आणि तुला तोच मुहूर्त सापडला? साहेब समोर, हातात बर्फ!"

तो म्हणाला, "तू गप्प असतेस ती तेवढीच वेळ. पहिल्या आठवड्यापासून बोलायला फट शोधतोय."

"आणि वाटीतल्या पाण्याचं का नाही सांगितलंस? आधीच पास झालो असतो."

"मग गोष्टी बंद झाल्या असत्या."

वहिनी, मी राहतेय. हे एवढं वाक्य लिहायला मला तीन पत्रं लागली. शेड चालणार म्हणून राहतेय असं लिहिलं असतं तर सोपं गेलं असतं, आणि ते खोटंही नाही, पण शेडला कुलूप लागलं असतं तरी मी "बरं"च म्हटलं असतं. खिडकीजवळच्या मशीनवर तू दुसऱ्या कोणाला तरी बसव. उजेडाची जागा रिकामी ठेवू नकोस.

काल मी तुझी सगळी पत्रं पुन्हा वाचली. पहिल्यांदा नीट वाचली म्हणू या. मला वाटत होतं तू माझ्या पोटापाण्याची काळजी करतेस. पण तू लिहिलंयस, दादा सकाळी जातो तो दिवे लागल्यावर येतो, दुपारी मशीनच्या आवाजाशिवाय घरात काही नसतं. लिहिलंयस, समोरच्या बाईंनी घर बदललं. लिहिलंयस, हल्ली हाक मारायला कोणी नाही म्हणून आपल्याशीच बोलते. तू तीन-तीनदा लिहिलंस, आणि मी दर वेळी तुला बोटीची, बर्फाची, मावशींची गोष्ट सांगत राहिले. तुला फटच ठेवली नाही. तूही मला "ये" म्हणत होतीस ते स्वतःसाठी, हे मला कळायला हवं होतं. मी येणार नाही, वहिनी. भेटायला येईन, त्याला घेऊन येईन, त्याचं बटण तू लाव. पण राहायला येणार नाही. याचं तुला वाईट वाटेल आणि त्यावर सांगायला माझ्याकडे एकही गमतीदार गोष्ट नाही.

म्हणून असं करते. पत्र इथेच थांबवते. पान अर्धं उरलंय आणि मागची बाजू सबंध कोरी आहे. मला अजून कितीतरी लिहायचंय, पण लिहीत नाही. ही जागा तुझी. याच कागदावर लिही, रागाव, रड, दुकानाचं सांग, दुपारचं सांग, जे सांगायचं राहून गेलंय ते सांग, आणि हाच कागद परत पाठव. कमी पडला तर दुसरा जोड. मी मध्ये बोलणार नाही.

गप्प बसून वाट बघतेय,
तुझीच नणंद